चाकाला लागलेली माती



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून मला दोनतीन ठिकाणी अडवून विचारण्यात आले की, "काय हो, बोनस आणि वेतनकरार सोडून तुम्ही हे सायकली आणि झाडांचे आजार कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा नववीत सुटली, फिटरचे काम हाताने शिकलो आणि उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु माझ्या वाचनाची वाट मला या विषयाकडे घेऊन आली ती कामगारांच्या इतिहासातूनच. ती कशी, हे आधी सांगतो. म्हणजे विषय परका वाटणार नाही.

ब्रिटनच्या नकाशात पश्चिमेला वेल्स नावाचा प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागात एकमेकींना समांतर अशा अरुंद, खोल दऱ्या आहेत आणि त्यांच्या पोटात कोळसा आहे. या दऱ्यांतील खाणकामगारांनी १८९८ साली आपली संघटना उभारली. याच मुलखात सेंघेनिद येथे १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन एका सकाळी ४३९ खाणकामगार मेले. ज्याला कामगार चळवळ समजून घ्यावयाची आहे त्याला या दऱ्या टाळून जाता येत नाही. मीही तोच इतिहास वाचत होतो.

आता पाहा, कोळशाची खाण म्हणजे नुसता कोळसा नव्हे. भुयाराचे छत डोक्यावर कोसळू नये म्हणून त्याला टेकू द्यावे लागत, आणि ते टेकू लाकडाचे असत. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लाकूड अडले तेव्हा ब्रिटिश सरकारचे डोळे उघडले. १९१९ साली त्यांनी वन आयोग नेमला आणि ठिकठिकाणी, वेल्सच्या उघड्या डोंगरांवरही, लवकर वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांची लागवड सुरू झाली. त्यांत एक झाड होते जपानी लार्च. सूचिपर्णी असूनही हे झाड हिवाळ्यात पाने गाळते. त्याची पाने शरदात सोन्यासारखी पिवळी होतात आणि लाकूड चिवट असते.

पुढे खाणी बंद पडत गेल्या. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरल्यानंतर तर उरल्यासुरल्या खाणीही एकामागून एक मिटल्या. टेकूंसाठी लावलेली झाडे मात्र डोंगरावर वाढत राहिली. ज्या दऱ्यांत पगारपत्रक संपले त्या दऱ्यांनी मग या जंगलाकडे पाहिले. अव्हान आणि कुमकार्न अशा ठिकाणी डोंगरी सायकलींसाठी वाटा आखल्या गेल्या. दूरदूरचे लोक येऊ लागले. कुमकार्नची खाण १९६८ साली बंद झाली होती. चार वर्षांनी तिथे जंगलातून जाणारा मोटाररस्ता खुला झाला आणि सायकलींच्या वाटा त्यानंतर आल्या. खाणकामगारांची नातवंडे जिथे चहाची दुकाने आणि सायकलदुरुस्तीची कामे करू लागली, तिथेच २०१० साली लार्चची झाडे मरू लागल्याचे आढळले.

मारेकऱ्याचे नाव आहे फायटॉप्थोरा रॅमोरम. फायटॉप्थोरा या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी वनस्पतींचा विनाशक असा आहे. हे घराणे जगाला अपरिचित नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक ज्याने कुजवले तो याच घराण्यातला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. धान्य मात्र त्या काळातही आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जात होते. म्हणजे बटाटा रोगाने मेला खरा, पण माणसे मेली त्यात माणसाचाही हात होता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

दिसायला हा रोग बुरशीसारखा. पण शास्त्रज्ञ त्याला खरी बुरशी मानीत नाहीत. त्याची नातीगोती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी अधिक जवळची आहेत. ही गोष्ट पंडिती वाटेल, पण सगळी मेख तिच्यात आहे. याचे मूळ पाण्यात आहे आणि पाण्याशिवाय त्याचे चालत नाही. ओल्या पानावर त्याच्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात. त्या पिशव्यांतून बारीक बीजाणू सुटतात आणि त्यांना दोन शेपट्या असतात. पाण्याच्या पातळ थराचाही आधार मिळाला की ते चक्क पोहत जाऊन नवे पान, नवी साल गाठतात. कोरडे पडले की हे पोहणारे बीजाणू तग धरीत नाहीत. परंतु दुसऱ्या एका प्रकारचे बीजाणू जाड कवचाचे असतात. ते मातीत आणि कुजक्या पाल्यात महिनोन् महिने दबा धरून बसतात आणि ओल मिळाली की जागे होतात.

आता चाकाकडे या. डोंगरी सायकलीच्या टायरला जाड गाठी असतात, कारण चिखलात पकड हवी. म्हणजे चिखल धरून ठेवणे हाच त्या टायरचा गुण. एक फेरी मारून आलेली सायकल उलटी करून पाहा. टायरच्या खाचांत, पायट्याखाली, पुढच्या काट्याच्या बेचक्यात आणि मागच्या चाकाजवळच्या सांध्यात अर्धा किलो मुलूख तिने सोबत आणलेला असतो. त्यात पाने असतात, मुळांचे तुकडे असतात आणि ओलही असते. सायकल मोटारीवर बांधून माणूस दुसऱ्या रविवारी दीडशे मैलांवरच्या दुसऱ्या जंगलात जातो. वाळलेला चिखल तिथल्या पहिल्याच ओढ्यात भिजतो आणि गळून पडतो. रोगाला पाय नाहीत. आपण त्याला चाके दिली.

योगायोग असा की, डोंगरी सायकल आणि हा रोग यांची गाठ अमेरिकेत एकाच जिल्ह्यात पडली. कॅलिफोर्नियातील मरीन जिल्ह्यात १९७६ साली काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका उभ्या उतारावरून शर्यती लावू लागले. मागे पाय दाबून लागणारा तो ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. आम्हा फिटर लोकांना हे नाव फार आवडते. डोंगरी सायकलीचा जगभर पसरलेला व्याप या उतारावरून निघाला. त्याच जिल्ह्यात १९९० नंतरच्या दशकाच्या मध्याला टॅनओक नावाची झाडे पटापट मरू लागली. कारण २००० साली सापडले, ते हेच. कॅलिफोर्निया आणि शेजारच्या ऑरेगॉनमध्ये या रोगाने आजवर कोट्यवधी झाडे मारली आहेत. तिकडच्या संशोधकांनी रोगट जंगलातून फिरून आलेल्यांच्या बुटांना लागलेली माती तपासली, तेव्हा तीत जिवंत जंतू सापडले.

मग हा रोग सायकलस्वारांनी आणला काय? नाही. सरळ सांगतो, नाही. या रोगाचा लांबचा प्रवास शोभेच्या झाडांच्या व्यापारातून झाला. युरोपात तो १९९३ च्या सुमारास ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांवर प्रथम दिसला आणि ब्रिटनमध्ये २००२ साली रोपांच्या व्यापारातच सापडला. बागेतून जंगलात, झुडपांवरून लार्चवर अशी त्याने मजल मारली. जवळपासच्या अंतरावर तो पावसाच्या शिंतोड्यांनी, धुक्याने आणि वाऱ्यानेही पसरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात याच घराण्यातील दुसरा एक रोग जाराची जंगले मारीत सुटला, तेव्हा असे दिसून आले की रस्ते बांधण्यासाठी जी खडी आणि मुरूम जंगलात नेला त्यातूनच रोग पसरत होता. ज्यांनी जंगल राखायचे त्यांचेच रस्ते आणि त्यांचीच यंत्रे! कुंपणच शेत खाते ते असे.

हे मी मुद्दाम सांगतो. कारण कुठेही अपघात झाला की पहिले बोट कामगाराच्या निष्काळजीपणाकडे जाते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. इथेही रोपांचा व्यापार करणारे, लाकूड वाहणारे ट्रक आणि वृक्षतोडीची अवजड यंत्रे यांना बाजूला ठेवून रविवारी सायकल फिरवणाऱ्या पोराला दम देणे सोपे आहे. ते न्यायाचे नाही. नियम करावयाचा तर मोठ्या चाकांना आधी लागू करा, मग लहान चाकांना.

परंतु येथे दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. "वाराच रोग नेतो, मग मी टायर धुऊन काय होणार?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वारा आणि पाऊस आजूबाजूला नेतात. ज्या जंगलात रोग नाही, जे दोन डोंगररांगांपलीकडे आहे, तिथे त्याला एका दिवसात पोहोचवण्याचे काम माणूस करतो. शेजारच्या गंजीपर्यंत आग आपोआप जाते. पलीकडच्या गावात ती जायला कोणीतरी कोलीत न्यावे लागते. मोठ्याचा दोष मोठा आहे, म्हणून आपला लहान दोष नाहीसा होत नाही. संघटनेतही आम्ही हेच सांगतो. मालकाकडून हक्क मागणाऱ्याने स्वतःचे काम चोख ठेवले पाहिजे, म्हणजे त्याच्या मागणीला धार येते.

आणि नुकसान कोणाचे होते, तेही पाहा. या रोगावर औषध नाही. लार्चला रोग लागला की तोड हाच इलाज, कारण उभे झाड ओल्या हवेत बीजाणूंचा वर्षाव करीत राहते. कुमकार्नला लाखाहून अधिक झाडे तोडावी लागली. तिथला मोटाररस्ता २०१४ साली बंद झाला तो २०२१ साली उघडला. सात वर्षे! कारखान्याला टाळे लागले की कोपऱ्यावरचा चहावाला पहिला बसतो, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. एकदा खाण गमावलेल्या दरीला दुसऱ्यांदा उपजीविका गमावण्याची धास्ती काय असते, हे सायकल मोटारीवर बांधून घरी जाणाऱ्याला कळत नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

आता करावयाचे काय? ते फार अवघड नाही. ब्रिटनमध्ये सगळ्या शिकवणीचे सार दोन शब्दांत सांगतात: स्वच्छ या, स्वच्छ जा. पण सार सांगून काम होत नाही. क्रम सांगावा लागतो.

पहिली गोष्ट चिखल काढण्याची. फेरी संपली की तिथेच, त्याच जंगलाच्या तोंडाशी, काडीने आणि ताठ ब्रशाने चिखल खरवडा. ज्या जंगलाची माती त्याच जंगलात राहू द्या. टायरच्या खाचा, पायटे, काट्याची बेचकी, साखळीजवळचा भाग आणि बुटांचे तळवे तपासा. पिशवीच्या तळाला आणि कपड्यांना चिकटलेली पानेही काढा.

दुसरी गोष्ट पाण्याची. धुण्याची जागा केलेली असेल तर तिथेच धुवा. धुतलेले पाणी ओढ्यात जाता कामा नये, कारण ओढा हा या रोगाचा राजरस्ता आहे. आणि एक फिटरचा सल्ला ऐका. जोराच्या फवाऱ्याचा मारा हब आणि बेअरिंगवर करू नका. पाणी आत शिरते आणि ग्रीस बाहेर येते. बादली आणि ब्रश पुरे.

तिसरी गोष्ट जंतुनाशकाची. ती तिसरी आहे, पहिली नाही. पुष्कळ लोक चिखलावरच औषध फवारतात आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात निघून जातात. ढेकळाच्या आत बसलेल्या बीजाणूपर्यंत औषध पोहोचतच नाही. आधी माती काढली असेल तर सत्तर टक्क्यांचे स्पिरिट चांगले काम देते. धुण्याचे ब्लीच धातू खाते, ते सायकलीला लावू नये. स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

चौथी गोष्ट वाळवण्याची, आणि ती फुकट आहे. सायकल आणि बूट पुढच्या फेरीपूर्वी खडखडीत वाळू द्या. पाण्यावर जगणाऱ्या शत्रूला ऊन आणि वारा हेच औषध.

याखेरीज काही पथ्ये आहेत. आखलेली वाट सोडू नये. चिखल टाळण्यासाठी बाजूने चाक घातले की वाट रुंदावते, मुळे उघडी पडतात आणि जखम झालेले मूळ रोगाला दार उघडून देते. उतारावर चाक घासटत नेऊ नये. एका दिवसात दोन जंगले करायची तर निरोगी जंगल आधी, रोगट नंतर. जंगलातून फांदी, रोप किंवा सरपण आणू नये. बंद केलेल्या वाटेची पाटी ही आपल्या सोयीसाठी नसून झाडांच्या सोयीसाठी आहे, म्हणून ती पाळावी. आणि सालीतून काळा द्रव पाझरणारे, अवेळी सुकलेले झाड दिसले तर वनखात्याला कळवावे. सायकलस्वार जंगलाच्या ज्या कोपऱ्यात जातो तिथे वनरक्षक रोज जात नाही. तेव्हा रोग नेणारा माणूसच रोगाचा पहारेकरीही होऊ शकतो.

इतके सांगितले म्हणजे लोक करतील काय? न्यूझीलंडचा अनुभव बोलका आहे. तिथे कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत, शेकडो वर्षांचे. फायटॉप्थोरा घराण्यातीलच एक रोग त्यांच्या मुळांना लागतो आणि टाचणीच्या डोक्याएवढी मातीसुद्धा तो न्यायला पुरते, असे तिथले अधिकारी बजावतात. वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि औषध ठेवलेली ठाणी उभारली, तरी कितीतरी लोक तसेच पुढे जात. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांवर तिथल्या माओरी जमातीने राहुई घातला, म्हणजे आपल्या परंपरेप्रमाणे जंगलात जाण्याची बंदी केली. पुढच्या वर्षी नगरपालिकेनेही जंगल बंद केले. नंतर चिखलाच्या वाटांवर खडी आणि लाकडी फलाट घालून, पाय कोरडा राहील अशी व्यवस्था करून एकेक वाट पुन्हा उघडण्यात आली.

यातला धडा मला ओळखीचा वाटतो. एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या खात्यात पाटी होती: डोळ्यांना चष्मा लावा. चष्मे होते स्टोअरच्या कपाटात आणि कपाट उघडायला फोरमनच्या सहीची चिठ्ठी लागे. अर्थातच कोणी लावीत नसे आणि बेशिस्तीबद्दल कामगारांना मेमो मिळत. संघटनेने मागणी केली की चष्म्यांची पेटी यंत्राशेजारी टांगा. पेटी टांगली आणि महिन्याभरात चष्मा न लावणारा शोधावा लागू लागला. जंगलाचेही तेच आहे. पाटीशेजारी नळ, ब्रश आणि पाणी मुरायला खडीचा चौथरा हवा. ज्याने प्रवेशाची फी घेतली किंवा शर्यत भरवली त्याने तो द्यायला हवा. नळ दिल्यानंतर मात्र जो न धुता निघेल त्याला त्याच्या सोबत्यांनी हटकले पाहिजे. पहारेकऱ्याच्या दंडापेक्षा सोबत्याचा शब्द अधिक लागतो, हा संघटनेचा अनुभव आहे.

आता कोणी म्हणेल, वेल्स दूर, न्यूझीलंड त्याहून दूर. आपला काय संबंध? संबंध आहे. नागपूरकडच्या संत्र्याच्या बागाइतदाराला डिंक्या विचारा. खोडातून डिंक पाझरतो आणि झाड वाळते, ते याच घराण्यामुळे. म्हणूनच खोडाला पाणी लागू नये यासाठी तो दुहेरी आळे करतो आणि खोडाला बोर्डो मलम लावतो. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या वाडीवाल्याला कोळेरोग विचारा; भर पावसात कोवळी सुपारी कुजून गळते, तीही याच घराण्याची करणी. आपल्याकडे डोंगरी सायकल घेऊन सह्याद्रीत जाणारी तरुण मुले वाढत आहेत, आणि त्यांना पावसाळाच अधिक प्रिय आहे. याच महिन्यांत हा शत्रू पोहत असतो. एका वाडीच्या बांधावरून दुसरीच्या बांधावर चिखल नेण्यापूर्वी त्यांनी विचार करावा, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्याकडे पुष्कळ देवरायांत पायताण घालून जात नाहीत. ज्यांनी ही रीत घातली त्यांना बीजाणू ठाऊक नव्हते. पण बाहेरची धूळ आत न्यायची नाही, आतली काडी बाहेर आणायची नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली. त्या शिस्तीला देवाचे भय होते. आपल्याला कारण कळले आहे. आपण भयाशिवाय ती पाळू शकलो पाहिजे.

सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन. पहाटेच्या पाळीला तिने किती पिढ्या पोहोचवल्या! आज तिच्यावर बसून मुले डोंगरात जातात याचा मला आनंदच आहे. गाडीला नंतर तेल द्यायचे हे आपण शिकलो, तसे गाडीची माती आधी उतरवायची हे शिकायला फार तर दहा मिनिटे लागतील. लार्चची रिकामी झालेली टेकडी पुन्हा भरायला एक पिढी लागते.